अतिवृष्टीचं अनुदान अडकलंय? या चुका टाळा

यादीत नाव लागलं की पैसे येणारच, असं धरून निवांत बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. यादीत नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो, गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रावर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, केल्याशिवाय रक्कम सुटत नाही. फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, असलेल्यांना 2025 मध्ये यातून सूट मिळाली, पण आयडीला आपल्या जमिनीचे सगळे गट जोडलेत का, तेवढं बघून घ्या.

केवायसी करताना स्क्रीन स्वतः वाचा. गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम. चूक दिसली तर 'सहमत' करू नका, तक्रार नोंदवा आणि तहसीलला कळवा. म्हाताऱ्या माणसांचा अंगठाच उठत नाही, ही वेगळी अडचण. माझ्या चुलत्यांचा चार वेळा नाही उठला. जन्मभर खुरपं धरलेला हात, रेषा राहिल्यात कुठे! केंद्रावरच्या पोराने ओल्या फडक्याने हात पुसायला लावले, मग मधलं बोट ठेवलं, तेव्हा जमलं. तरीही नाही झालं तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने घ्यायला लावा.

आता खरी गोम. पासबुकाची झेरॉक्स दिली त्याच खात्यात पैसे येतील, असं नसतं. डीबीटीची, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारी, रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. आमच्या शेजारच्या काकू दोन महिने जिल्हा बँकेत खेटे घालत होत्या. पैसे आले होते, पण कधीकाळी उघडलेल्या आणि त्या विसरूनही गेलेल्या जनधन खात्यात. म्हणून कुणाला दोष देण्याआधी माय आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे बँकेचं नाव दिसतं आणि जोडणी चालू आहे की बंद, तेही कळतं. खातं बदलायचं असेल तर बँकेत नुसतं आधारकार्ड देऊन भागत नाही, 'डीबीटीसाठी एनपीसीआयला आधार जोडा' असा अर्ज द्यावा लागतो. एनपीसीआय म्हणजे कोणत्या आधारला कोणतं बँक खातं जोडलंय, याची नोंद ठेवणारी संस्था.

सातबारा अजून वडिलांच्या नावावर असेल आणि वडील हयात नसतील, तर आधी वारस नोंद करा. सामाईक क्षेत्र असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भावाभावांत बोलणं नसलं की पैसा इथेच अडतो, हे बघून फार वाईट वाटतं.

रक्कम कमी वाटली तर हिशेब सातबाऱ्याच्या सगळ्या क्षेत्रावर करू नका. 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालेलं, पंचनाम्यात आलेलं क्षेत्रच धरतात. 2025 च्या खरिपात हेक्टरी दर जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये होता, मर्यादा 3 हेक्टर. रब्बीच्या बियाण्यासाठीचे हेक्टरी 10,000 त्याहून वेगळे. पीक विम्याचा याच्याशी संबंध नाही, 2025 च्या खरिपात त्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याचं पीक कापून काढलेल्या उत्पन्नावर, ठरली.

आणि बँकेने ही मदत थकीत कर्जात वळती केली तर गप्प बसू नका. मदतीच्या शासन निर्णयात तसं करायला मनाई असते. त्याची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना द्या आणि दोन्हींवर पोच घ्या.