पिशव्या वाटायची घाई नको: प्लास्टिक कमी करताना या चुका टाळा

प्लास्टिकच्या पिशव्या बंद करायला निघालेला प्रत्येक नवा गट पहिल्याच आठवड्यात कापडी पिशव्या छापून वाटतो. वर घोषणा, खाली गटाचं नाव, मग फोटो. जरा थांबा हो.

हा उद्योग मीही करून बसलोय. आम्ही तीनशे पिशव्या वाटल्या. महिन्याभराने घरोघर विचारत फिरलो, तर एका घरात कपाटाच्या तळाशी चार पिशव्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. घरातले चौघं वेगवेगळे येऊन घेऊन गेले होते. ओट्यावर मात्र त्याच सकाळी आलेली प्लास्टिकची पिशवी. त्या बाई ओशाळून म्हणाल्या, "अहो, निघताना आठवतच नाही." कापूस पिकवायला पाणी, खत, वीज सगळं लागतं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अहवालाप्रमाणे, तापमानवाढीच्या हिशेबात एका पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला कापडी पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आमच्या त्या चार एकदाही बाहेर पडल्या नव्हत्या!

आता मी नवी पिशवी वाटत नाही. आधी घरातल्या जुन्या बाहेर काढायला लावतो. माझी दाराच्या कडीलाच असते. सामान ओट्यावर ओतलं की रिकामी पिशवी लगेच परत कडीला. 'नंतर ठेवू' म्हटलं की संपलं.

दुसरी माझी चीड म्हणजे कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी. कडेचा एक धागा ओढून बघा. येत नाही ना? जवळून पाहिलं तर बारीक ठिपके दाबलेले दिसतील. ते पॉलिप्रोपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. उन्हात राहिली की पापुद्रे सुटून भुगा होतो, आणि तो भुगा कोण वेचणार? ती घरात असेल तर फाटेपर्यंत वापरा, पण 'पर्यावरणपूरक' म्हणून वाटू नका.

'कंपोस्ट होणारी' पिशवी कुंडीत पुरून वाट बघू नका. त्यातल्या बऱ्याचशा मोठ्या प्रकल्पातल्या साठेक अंश उष्णतेतच कुजतात.

पातळ पिशवी बंद करून जाड पिशवीला सूट देऊ नका. कॅलिफोर्नियाने ते केलं. लोकांनी जाडही एकदाच वापरून फेकली, आणि २०२४ मध्ये ती पळवाट बुजवायला नवा कायदा करावा लागला.

दुकानदाराशी भांडू नका. 'पिशवी हवी का?' एवढं विचारायची विनंती करा. न विचारता हातात पडणाऱ्या पिशव्याच जास्त असतात.

आणि कापडी पिशवी धूत जा. एकदा वास यायला लागला की ती कडीवरून कपाटात जाते.