ब्रेक वाढला म्हणून तिकीट काढू नका

मी २०१९च्या ऑगस्टमध्ये मास्टर्ससाठी अमेरिकेत आलो आणि पहिलं वर्ष संपायच्या आत कोविड आला. आता इथे नोकरी करतो. दर ऑगस्टमध्ये आपली नवीन मुलंमुली भेटतात, तेव्हा एक गैरसमज हमखास ऐकू येतो: ‘ब्रेक आहे ना, मग आपण मोकळे.’ तसं नसतं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या माणसाची दोन कॅलेंडरं असतात, एक विद्यापीठाचं आणि एक इमिग्रेशनचं. पहिलं एका मेलने बदलतं. त्यामुळे दुसरंही बदललं असेल, असं धरून चालू नका.

माझी चूक सविस्तर सांगतो, कारण ती महागात पडली. मार्च २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात मेल आला: स्प्रिंग ब्रेक, म्हणजे मार्चमधली आठवड्याची सुट्टी, एका आठवड्याने वाढवला आहे, पुढचे दोन आठवडे तास ऑनलाइन होतील. मी बोटांवर मोजलं, जवळजवळ महिनाभर वर्गात जायचं नाही. डॉर्म रिकामे होत होते, घरून रोज फोन येत होते. तिकीट काढलं आणि १५ मार्चला भारतात पोचलो. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि २५ तारखेपासून देशभर लॉकडाउन. त्याच सुमारास दुसरा मेल आला, की अख्खं सेमिस्टर ऑनलाइन.

दुपारी साडेतीनचा तास भारतात रात्री दोन वाजता यायचा. घरातली सगळी झोपलेली, मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने लेक्चर ऐकायचो, कारण वायफायची रेंज तिथेच बरी यायची आणि बसलो की डोळे मिटायचे. ते सहन झालं. पण लॅबमधली तासावारी नोकरी गेली, कारण अमेरिकेबाहेर बसून काम केल्याचे पैसे विद्यापीठ देईना. मे महिन्यात सीपीटीवर (शिकत असताना अभ्यासाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीवर) सुरू होणारी इंटर्नशिप गेली. लीजवर माझी सही होती, त्यामुळे रिकाम्या खोलीचं भाडं दर महिन्याला ५८० डॉलर भरत राहिलो. वडिलांनी ठेव मोडून ते पैसे पाठवले. जुलैत दोन्ही देशांत एअर बबलची, म्हणजे आपसातल्या खास कराराची विमानं सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये परतलो.

जाण्याआधी मी डीएसओला, म्हणजे विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं इमिग्रेशन बघणाऱ्या अधिकाऱ्याला, एक ओळही लिहिली नव्हती. एका सीनियरने सांगितलं, ‘काही होत नाही, सगळे जातायत,’ आणि मी ऐकलं. आपल्या लोकांबद्दल मला मनापासून प्रेम आहे. विमानतळावर घ्यायला येतील, आजारपणात डबा आणतील. पण व्हिसाच्या बाबतीत ते आपल्या वेळचा अनुभव नियम म्हणून सांगतात. इंटरनॅशनल ऑफिसातली माणसं उलट. विचारलंत तर नीट, लेखी उत्तर देतात, पण आपणहून तुमच्या मागे येत नाहीत. विचारायची सवय लावून घ्या.

नियम किती झपाट्याने फिरतात ते त्या जुलैत कळलं. एरवी एका सेमिस्टरला एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे तीन क्रेडिट, पूर्णवेळ अभ्यासात धरतात. मार्च २०२०मध्ये ती मर्यादा सैल केली. मग ६ जुलैला आइसने (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने) जाहीर केलं, की सगळे तास ऑनलाइन असतील तर अमेरिकेत राहता येणार नाही. ८ तारखेला हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेली, १४ तारखेला सरकारने आदेश मागे घेतला. ते आठ दिवस मी भारतात बसून रोज पहाटे बातम्या बघत होतो. पण २४ जुलैला आलेल्या खुलाशानुसार, नव्याने येणाऱ्यांचा कोर्स पूर्ण ऑनलाइन असेल तर त्यांना अमेरिकेत प्रवेश नव्हताच. जुन्यांना मिळालेली सवलत नव्यांना मिळेलच असं नाही, हे तुम्ही विशेष लक्षात ठेवा.

पाच महिन्यांचंही तसंच. अमेरिकेबाहेर पाच महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली) नोंद बंद होऊ शकते, आणि मग सीपीटी आणि ओपीटी (आपल्या विषयात नोकरी करायची परवानगी) यांसाठी लागणारं अभ्यासाचं एक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजतात. महासाथीत ज्यांची नोंद चालू होती त्यांना यातून सूट होती. ती कायमची समजू नका.

२०२०च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टपासूनच्या सेमिस्टरमध्ये, बऱ्याच विद्यापीठांनी मधली सुट्टी काढून टाकली आणि थँक्सगिव्हिंगच्या आत सेमिस्टर उरकलं. विद्यार्थी मध्येच प्रवास करून संसर्ग घेऊन येऊ नयेत, हा हेतू. नोत्र दामने दोन आठवडे आधी, १० ऑगस्टला तास सुरू केले. चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठही त्याच दिवशी उघडलं आणि आठवडाभरातच त्यांनी पदवीचे वर्ग ऑनलाइन नेले. असं झालं आणि गाव सोडावं लागलं, तरी भाडं चालूच राहतं. म्हणून लीजवर सही करण्याआधी सब-लीजचं, म्हणजे खोली दुसऱ्याला भाड्याने देण्याचं कलम वाचा. परवानगी नसेल तर ते घर घेऊ नका.

२०२१चा स्प्रिंग, म्हणजे जानेवारीपासूनचं सेमिस्टर, त्याहून कठीण गेला. मिशिगन, विस्कॉन्सिन-मॅडिसन, पर्ड्यू यांनी स्प्रिंग ब्रेक रद्दच केला. पर्ड्यूने त्याऐवजी तीन सुटे ‘रीडिंग डे’ दिले. सुटा बुधवार म्हणजे सुट्टी नव्हे. गुरुवारी असाइनमेंट असतेच, त्यामुळे तो दिवस तिच्यातच जातो. मार्चपर्यंत आमच्या अपार्टमेंटमधले आम्ही तिघेही थकून गेलो होतो, एकमेकांशी बोलणंसुद्धा कमी झालं होतं. अशी वेळ आली तर तो एक दिवस आधीपासून राखून ठेवा, आणि समुपदेशन केंद्रात जायला लाजू नका. तिथे बोललेलं घरी कळत नाही.

त्यातच एक धोका. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, अधिकृत सुट्टीत पूर्णवेळ. ब्रेक रद्द झाला की तो आठवडा साध्या आठवड्यात जमा होतो. माझ्या ओळखीचा एक मुलगा जुनं कॅलेंडर बघून जेवणघरात जास्तीच्या पाळ्या घेणार होता, सुदैवाने सुपरवायझरने अडवलं. रजिस्ट्रारच्या पानावरचं कॅलेंडर दर महिन्याला उघडून बघा, डाउनलोड केलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

तिकीट काढायचंच असेल तर तारीख बदलता येईल असं काढा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. आय-ट्वेंटीवर (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या दाखल्यावर) प्रवासाची, म्हणजे परत आत येण्यासाठी लागणारी डीएसओची सही आहे का ते बघा.

शेवटच्या सेमिस्टरला असाल तर कॅलेंडर बदलताच डीएसओकडून आय-ट्वेंटीवरची अभ्यासक्रम समाप्तीची तारीख लेखी विचारून घ्या. ओपीटीचा अर्ज त्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंतच करता येतो. आणि पदवीनंतरच्या ओपीटीचा तो अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, भारतात बसून नाही.