कुत्र्याला घेऊन बीचवर जायचंय? आधी बीच नीट निवडा, बॅग नंतर भरा

कुत्र्याला घेऊन दिवसभर बीचवर जायचं ठरलं की आपण सगळ्यात आधी फोटो बघतो, पांढरी वाळू, निळं पाणी, आणि लगेच म्हणतो चला, हाच. माझं म्हणणं एवढंच आहे की फोटो राहू दे बाजूला, आधी आपल्या कुत्र्याकडे बघा. वय किती, वजन किती, नाक चपटं की लांब, कान उभे की लोंबते, पाण्यात धावत जातो की पाय ओले झाले तरी मागे पळतो, अनोळखी कुत्रं दिसलं की शेपटी हलते की मान ताठ होते, आणि हाक मारल्यावर येतो का, म्हणजे खरंच येतो का, समोर पक्षी उडत असतानासुद्धा. ही उत्तरं मनात पक्की असली की अर्धी यादी तिथेच तयार होते, कारण तरण्याताठ्या लॅब्राडोरला जो बीच स्वर्ग वाटेल तोच म्हाताऱ्या पगला त्रासाचा होऊ शकतो.

मग परवानगी. कुठेतरी "डॉग फ्रेंडली" लिहिलंय तेवढ्यावर गाडी काढायची नाही. किनाऱ्याची व्यवस्था जे कुणी बघत असतील त्यांच्या साइटवर जाऊन किंवा सरळ फोन करून विचारायचं, कुठल्या महिन्यांत चालतं, दिवसाच्या कुठल्या वेळेत चालतं, किनाऱ्याच्या नेमक्या कुठल्या भागात चालतं, आणि पट्टा लावून की मोकळं सोडून. बऱ्याच ठिकाणी गर्दीच्या सीझनमध्ये दिवसा बंदी असते आणि फक्त सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा सोडतात, काही ठिकाणी बीच एकच पण त्याच्या एका टोकाला चालतं नि दुसऱ्या टोकाला नाही. आणि ब्लू फ्लॅगवाला, म्हणजे स्वच्छतेचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेला बीच असेल तर दोनदा विचारा. स्वच्छ बीच म्हणजे कुत्र्यालाही बरा असं वाटतं साहजिकच, पण ह्या मानांकनाच्या निकषांतच कुत्री आणि इतर पाळीव प्राण्यांच्या प्रवेशावर कडक नियंत्रण हवं असं म्हटलेलं आहे. लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात तो जीवरक्षकांच्या देखरेखीखालचा पोहण्याचा भाग, तिथून आपण लांब बसलेलं बरं. आणि जांभळा झेंडा दिसला तर पाण्यात जेलीफिश किंवा तसलं काहीतरी आहे असं समजायचं आणि त्या दिवशी कुत्र्याला पाण्यात सोडायचंच नाही.

पक्ष्यांच्या विणीचा काळ आणि कासवांचा काळ, हे मात्र नियमापलीकडे जाऊन स्वतःहून तपासा, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. किनाऱ्यावर घरटं करणारे कितीतरी पक्षी काड्याबिड्या न गोळा करता वाळूतच उथळ खळगा करून त्यात अंडी घालतात, आणि ती अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची असतात, आपल्याला दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. कुत्र्याला काही वाईट करायचं नसतं हो, तो नुसता पळत जातो, पण पक्षी घाबरून उठतो आणि तेवढ्या वेळात अंडी उन्हात उघडी पडतात किंवा दुसरा कुणीतरी उचलून नेतो. कासवाची घरटी तर कुत्री वासाने शोधून उकरतात. म्हणून ज्या किनाऱ्यावर विणीचे दिवस चालू असतील तो यादीतून सरळ काढून टाका, परवानगी असली तरी. दुसरा बीच मिळतो.

आता भरती-ओहोटी. हे न बघता बीच ठरवणारे खूप लोक असतात आणि मग दुपारी बसायला जागाच उरत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या नि दोन ओहोट्या येतात, एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं, त्यामुळे रोजची वेळ जवळपास 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे मागच्या आठवड्यात कुणी सांगितलेली वेळ आज चालणार नाही, त्या दिवसाचंच वेळापत्रक बघायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा जास्त वर येतं आणि जास्त खालीही जातं. आणि पाणी एकसारखं चढत नाही, ओहोटीनंतर सुरुवातीला सावकाश, मग मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी भरती होऊन जाते, त्यामुळे खडकांना वळसा घालून पलीकडच्या छोट्या बीचवर जायचा मोह झाला तर परतीची वाट किती वाजेपर्यंत मोकळी आहे हे आधी माहीत हवं. कुत्र्याबरोबर जायला मला सगळ्यात चांगली वेळ वाटते ती म्हणजे भरती उतरायला लागल्यावर तासा-दोन तासांनी, कारण मग पाणी मागे हटत जातं, ओली, घट्ट, गार वाळू मोकळी होत जाते, पळायला तीच उत्तम, पंजेही भाजत नाहीत आणि मऊ वाळूत पाय रुतून सांध्यांवर येतो तसा ताणही येत नाही.

बीच कसा आहे हे शक्य असेल तर आधी एकटं जाऊन बघून यावं, नाहीतर तिथे कुत्रं नेणाऱ्या कुणाला तरी खोदून खोदून विचारावं. पाण्यात उतार हळूहळू आहे का, की चार पावलांवर एकदम खोल? लाटा मोठ्या फुटतात का, आत खेचून नेणारी पाण्याची ओढ असते का? सावली आहे का, झाडांची खरी सावली, कारण छत्रीची सावली फिरत राहते नि तिच्याखालची वाळू तापलेलीच असते. खडक असतील तर त्यांच्यावर कालवं आहेत का, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि पंजाची गादी कापली की ती भरायला फार वेळ लागतो. पार्किंगपासून वाळूपर्यंत डांबरी रस्ता किती, रहदारीचा रस्ता किती जवळ, मोकाट कुत्र्यांची टोळी तिथे राहते का. मासेमारी चालत असेल तर गळ, जाळ्यांचे तुकडे, टाकून दिलेले मासे हे सगळं आलं, आणि फुगा मासा मेलेला असला तरी त्याचं विष तसंच असतं, त्यामुळे जे कुत्रं जमिनीवरचं काहीही तोंडात घालतं त्याच्यासाठी असा किनारा नकोच. आणि एक पर्यायी जागा ठरवून ठेवा, गर्दी निघाली किंवा धोक्याचा लाल झेंडा दिसला तर गाडीतून न उतरता तिकडे जाता येईल अशी.

उन्हाचं काय ते कडकपणे ठरवून टाका, तिथे गेल्यावर "बघू" म्हणायचं नाही. वाळूवर हाताचा पालथा पंजा सात सेकंद ठेवा, नाही ठेववला तर कुत्र्यालाही तिथे उभं करायचं नाही. भाजत असलं की कुत्रा लगेच ओरडतो असं काही नसतं, नीट बघितलं तर आधी एक पंजा उचलून धरतो, मग दुसरा, मग आपल्या सावलीत येऊन उभा राहतो, तेवढं दिसलं की उचला किंवा ओल्या वाळूवर न्या. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच ते शरीर गार करतात, आणि पग, बुलडॉग, शिह त्झू असल्या चपट्या नाकाच्यांना तेही नीट जमत नाही, त्यांच्यासाठी फक्त सकाळ किंवा उतरती संध्याकाळ, आणि तीही थोडाच वेळ. गाडीत "पाच मिनिटं" ठेवून जाणं यादीतून कायमचं बाद. बाहेर 24 अंश असलं तरी बंद गाडीत दहा मिनिटांत 34 च्या आसपास होतं आणि अर्ध्या तासात 43 च्या घरात, काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. म्हणजे टॉयलेटला किंवा खायला जायचं तर कुत्र्याजवळ थांबायला दुसरं माणूस हवं, हेही निघायच्या आधीच ठरवा.

पाणी, पाणी आणि पाणी. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ असतं आणि तहानलेला कुत्रा ते पितो, शिवाय लाटेतून बॉल उचलताना दरवेळी घोटभर जातंच. थोडं गेलं तर जुलाबावर भागतं, जास्त गेलं तर उलट्या, तोल जाणं, झटके, इथपर्यंत जाऊ शकतं, मग तिथे थांबायचं नाही, थेट डॉक्टरकडे. उपाय सोपा आहे, गोडं पाणी भरपूर न्यायचं आणि तो मागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी खेळ थांबवून समोर ठेवायचं. एरवी दिवसाला किलोमागे 50-60 मिली लागतं, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला एक-सव्वा लिटर, उन्हात पळापळ असेल तर त्याच्या दुप्पट घ्या, आणि अंग धुवायचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. आमची कुत्री खेळाच्या तंद्रीत वाटीकडे बघतही नाही, तिला पट्टा लावून सावलीत बसवावं लागतं, दोन मिनिटं ती समुद्राकडेच बघत कुरकुरते आणि मग अचानक भानावर आल्यासारखी अख्खी वाटी रिकामी करते.

बॅगेत बाकी काय ते भराभर सांगते. हार्नेस, दोन मीटरचा साधा पट्टा आणि मोकळं सोडायला परवानगी नसेल तर दहा मीटरची लांब दोरी. बटण दाबून आत जाणारा पट्टा नको, त्यात वाळू जाऊन तो अडकतो. गळ्यात फोन नंबरचा टॅग, आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिच्या नोंदीत आपला सध्याचा नंबर आहे ना हे आदल्या दिवशीच बघा. पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट, पोहणारं कुत्रं असलं तरी, कारण दमल्यावर त्या मुठीला धरूनच त्याला वर काढता येतं. दोन-तीन जुने टॉवेल, त्यातला एक फक्त गाडीच्या सीटसाठी. बसायला चटई किंवा थोडी उंच घडीची खाट. फर्स्ट एडमध्ये बँडेज, सलाइनची बाटली, चिमटा, हातमोजे. बॉल न्यायचा तर केसाळ टेनिस बॉल नको, त्याला वाळू चिकटते आणि दरवेळी ती पोटात जाते, जास्त गेली तर आतडी तुंबतात, त्यापेक्षा गुळगुळीत, तरंगणारं रबरी खेळणं चांगलं. पांढऱ्या किंवा गुलाबी नाकाच्या कुत्र्याला सनस्क्रीन लावायचं तर कुत्र्यांसाठीचंच, माणसांच्या बऱ्याच क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं आणि ते चाटलं की विषारी. आपल्या डब्यात द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा असेल तर झाकण घट्ट लावून वर ठेवा.

पूप बॅग लागतील त्याच्या दुप्पट घ्या आणि शी वाळूत पुरू नका, प्लीज. लोकांना वाटतं लाट येईल नि घेऊन जाईल. कुत्र्याच्या शीतून हुकवर्म नावाच्या जंतांची अंडी वाळूत पडतात, ऊबदार ओलसर वाळूत त्यांच्या अळ्या होतात आणि अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या कातडीतून त्या आत शिरतात, विशेषतः वाळूत बसून खेळणाऱ्या लहान मुलांना हे होतं. म्हणूनच जायच्या आधी जंतांचं औषध वेळेवर झालेलं हवं. लसी पूर्ण हव्यात, पिल्लाचा लसींचा कोर्स पुरा झाला नसेल तर ह्या वेळी त्याला घरीच राहू दे. गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध लावणार असाल तर पाण्यात जायच्या निदान दोन दिवस आधी लावा, नाहीतर धुऊन जाईल. निघायच्या तीन-चार तास आधी हलकं खायला घाला, भरल्या पोटी प्रवास नको नि पळापळही नको, मोठ्या, खोल छातीच्या जातींना पोटाला पीळ पडायचा धोका असतो.

किनाऱ्याजवळचा सगळ्यात जवळचा प्राण्यांचा दवाखाना आणि सुट्टीच्या दिवशी चालू असणारा एक, दोन्हींचे नंबर फोनमध्ये सेव्ह करा, रेंज नसेल म्हणून कागदावर पण. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश असतं. धापा थांबत नाहीत, हिरड्या गडद लाल, लाळ घट्ट, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर आधी सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहा, हवा घाला, आणि मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच राहते. जेलीफिशचे धागे चिकटले तर हातमोजे घालून काढा आणि समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने डंख वाढू शकतो. गळ रुतला किंवा दोरा गिळला असेल तर ओढायचा नाही, तसाच डॉक्टरकडे न्यायचा. आणि सोबत येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगून ठेवा की कुत्रा ओढीत सापडला तर कुणीही त्याच्यामागे पाण्यात उडी मारायची नाही. किनाऱ्याला समांतर चालत हाका मारा, जीवरक्षकाला बोलवा. कुत्री बऱ्याचदा ओढ संपते तिथून बाहेर येतात, आणि मागे गेलेलं माणूस अडकतं. हे ऐकायला कठोर वाटतं पण ते घरून निघतानाच बोलून घ्यायला हवं, त्या क्षणी कुणाला सुचत नाही.

परत निघायच्या आधी गोड्या पाण्याने अंघोळ, नुसतं वरून पाणी मारून नाही, पोट, काखा, बोटांच्या मधली जागा, कारण मीठ नि वाळू तिथेच राहते आणि रात्रभर तो चाटत बसतो. लोंबत्या कानांचे कान आतून हलक्या हाताने कोरडे करा, ओले राहिले की इन्फेक्शन ठरलेलं. पंजे एकेक उचलून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपटी मुळापासून लटकलेली, हलतच नाहीये, हात लावला की दुखतंय असं दिसलं तर बहुतेक वेळा ते भरपूर पोहल्याने शेपटीचे स्नायू धरल्याचं असतं, विश्रांतीने काही दिवसांत ती पुन्हा उभी राहते, पण मनाने माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका, ती कुत्र्याला घातक ठरू शकते, डॉक्टरांना फोन करून विचारा.