दगडखाणीच्या भाडेपट्ट्यावरून वाद झालाय? आधी खड्डा मोजून घ्या

गाळा भाड्याने दिला आणि भांडण झालं तर चार वर्षांनी निकाल लागला तरी गाळा जागेवरच असतो. खाणीचं तसं नाही, तारखा पडत राहतात आणि इकडे रोज डंपर भरून जातायत, शेवटी ज्या दगडासाठी भांडलो तोच संपलेला असतो. त्यामुळे इथे कोण बरोबर हे नंतर, आधी आज खड्डा केवढा आहे ते पक्कं करायचं. हे सगळं महाराष्ट्रातल्या खाजगी जमिनीबद्दल लिहितोय.

कागद दोन असतात आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. एक म्हणजे सरकारचा खाणपट्टा किंवा परवाना, तो 2013 च्या गौण खनिज नियमांखाली मिळतो आणि त्याची रॉयल्टी सरकारजमा होते. दुसरा म्हणजे मालक आणि खाणवाला यांच्यातला करार, त्यात वर्षाचं भाडं किंवा ब्रासमागे (म्हणजे दगडाच्या मापामागे) ठरलेला दर असतो. सरकारला रॉयल्टी भरली म्हणून मालकाचं देणं फिटत नाही, आणि मालकाने हो म्हटलं म्हणून विनापरवाना खोदता येत नाही. विनापरवाना उत्खनन सापडलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि सातबारा तुमच्या नावावर असेल तर नोटीस तुमच्या दारातही येऊ शकते, त्यामुळे मालकांनी "आपला काय संबंध" म्हणून गप्प बसू नये.

करार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर तो रजिस्टर केलेला लागतो. नुसता नोटरी केलेला करार घेऊन कोर्टात गेलात तर त्यातल्या अटी सिद्ध करताना खूप अडचण येते, ही गोष्ट वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका.

आता मोजणी. भूमी अभिलेखकडे अर्ज करून गटाची हद्द कायम करून घ्या, कारण बरीच भांडणं खाण शेजारच्या गटात घुसली म्हणून असतात, आणि सोबत चांगला सर्वेअर लावून खड्ड्याचं घनमाप काढून घ्या. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, हे माप हातात आलं की ते वाहतूक पासांशी, क्रशरच्या रजिस्टरशी आणि बँकेत आलेल्या पैशांशी जुळवता येतं. फुटलेला दगड फुगतो, म्हणून डंपरमधलं माप आणि खड्ड्याचं माप सरळ एकमेकांना लावू नका, दर कुठल्या मापावर ठरलाय ते करारात बघा. हे काम पावसाळ्याआधी करा, खड्ड्यात पाणी भरलं की तळ दिसत नाही. फोटो आणि व्हॉट्सअॅप मेसेज ज्या फोनमध्ये आहेत तो फोन जपा, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला वेगळं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मग वकिलामार्फत नोटीस. अटींचा भंग झाला म्हणून पट्टा (म्हणजे सरकारचा नाही, मालक आणि खाणवाल्यातला भाडेपट्टा) संपवायचा असेल तर कोणता भंग झाला हे नेमकं लिहावं लागतं आणि तो सुधारता येण्यासारखा असेल तर सुधारायला सांगावं लागतं, "करार रद्द समजावा" एवढी एक ओळ पुरत नाही. आणि मुदत संपल्यावर मुकाट्याने भाडं घेत राहू नका, त्यातून पट्टा पुढे चालू ठेवला असा अर्थ निघू शकतो. थकलेल्या भाड्याचा दावा 3 वर्षांच्या आत लावावा लागतो, पाहू पुढच्या वर्षी म्हणत बसलात तर जुनी बाकी हातची जाते.

दावा लावताना तात्पुरता मनाई हुकूम आणि कोर्ट कमिशनर असे दोन्ही अर्ज सोबतच द्या. स्टे मिळाला नाही तरी कमिशनरने जागेवर येऊन स्थिती नोंदवली तर पुढे हिशोबाला मोठा आधार होतो. करारात लवादाचं कलम असेल तर रस्ता वेगळा, पण तिथेही लवाद कायद्याच्या कलम 9 खाली कोर्टाकडून अंतरिम आदेश मागता येतो. जमीन फक्त क्रशर लावायला किंवा माल ठेवायला दिली होती आणि तिथे नवीन खोदाई सुरू झाली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 मालकाच्या बाजूने आहे, करारात मुभा नसेल तर पट्ट्याच्या वेळी चालू नसलेली खाण भाडेकरूला उघडता येत नाही.

खाणवाल्यांसाठी पण सांगतो. भाडं थकलं म्हणून मालकाने रस्त्यावर चर खणला किंवा गेटला कुलूप लावलं तर हातघाईवर येऊ नका, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि कोर्टातून मनाई घ्या. फक्त भाडं थकल्यामुळे पट्टा काढून घेण्याचा दावा असेल तर सुनावणीत थकबाकी, व्याज आणि खर्च भरून पट्टा वाचवण्याची विनंती मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम 114 खाली करता येते, मात्र ते मान्य करणं कोर्टाच्या हातात असतं. मालक भाडं घेत नसेल तर बँकेने पाठवा, म्हणजे नोंद राहते.

तडजोड होत असेल तर जरूर करा, पण त्यात किती खोलीपर्यंत खोदायचं, मोजणी दर किती महिन्यांनी आणि कोणाच्या खर्चाने, मशिनरी कधी हलवायची, खड्ड्याला कुंपण कोणी घालायचं हे सगळं लिहून घ्या आणि दावा चालू असेल तर ती कोर्टात दाखल करून तसा हुकूमनामा घ्या, नुसत्या स्टॅम्प पेपरवर सह्या करून थांबू नका.