प्रोग्रामिंगच्या गृहपाठात मदत करताना

गृहपाठाचा प्रश्न समोर आला, की विद्यार्थ्याने स्वतः काय करून पाहिले ते आधी विचारावे. नुसता प्रश्न चिकटवलेला असेल, तर त्याचा कोड, आलेला एरर मेसेज आणि अपेक्षित उत्तर या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. गृहपाठ आहे म्हणून मदतच नाकारणे मला पटत नाही, पण तयार प्रोग्राम लिहून देणे त्याहून वाईट, कारण त्याने गुण मिळतात आणि अडलेली जागा तशीच राहते.

समजा, १० संख्यांची बेरीज करणारा सी भाषेतील प्रोग्राम कधी बरोबर, तर कधी भलतेच उत्तर देतो आहे. लूपची, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाची, अट 'आय (फेऱ्या मोजणारा आकडा) १० पेक्षा लहान किंवा समान' अशी आहे, हे अनुभवी नजरेला लगेच दिसते. तरीही चूक दाखवू नये. लूपच्या आत आयची किंमत छापायला सांगावे आणि किती ओळी उमटल्या ते मोजायला लावावे. ० ते १० अशा ११ ओळी दिसल्या, की ॲरेतील, म्हणजे या १० संख्या ओळीने साठवलेल्या यादीतील, शेवटच्या घटकाचा क्रमांक ० पासून मोजल्यामुळे ९ असतो, एवढी आठवण पुरते. सी भाषा ॲरेची मर्यादा तपासत नाही, त्यामुळे पलीकडच्या मेमरीत असेल ते बेरजेत मिसळते, हे मात्र आपणच समजावून द्यावे, कारण ते तर्काने सुचण्यासारखे नाही.

सिंटॅक्सची, म्हणजे कोड लिहिण्याच्या नियमांची, चूक असेल, तर सरळ सांगून मोकळे व्हावे. राहून गेलेल्या अर्धविरामासाठी कोणाला तासभर कोड्यात ठेवण्यात कसलेही शिक्षण नाही. सबमिशनला तासच उरल्याची विनवणी आली, तरी पद्धत बदलू नये.