पिल्लू शॅमेलिऑनचा पिंजरा, नागपुरी उन्हाळ्यासकट

आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा घोयरा सरडा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो पाळायचा नाही. हे येमेनी व्हेल्ड जातीच्या पिल्लांसाठी. त्यांचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

काचेची पेटी नको, हवा कोंडते. चारही बाजूंनी जाळीचा, साधारण १६ × १६ × ३० इंचांचा पिंजरा घ्या. एका पिल्लाला एकच, कारण सोबतचं दबकं पिल्लू खाणंच सोडतं. आत मनीप्लांट, जास्वंद आणि पेन्सिलीएवढ्या जाड आडव्या फांद्या. तळ मोकळा ठेवा.

वर यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) आणि उबेसाठी छोटा बल्ब. बल्बखालच्या फांदीवर २९ अंश पुरे. हाताने अंदाज नको, थर्मामीटर टांगा. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यूव्हीबीचं काम करत नाही. रात्री पूर्ण अंधार.

वाटीतलं पाणी पिल्लू ओळखतच नाही, पानावरचे थेंब चाटतं. सकाळ-संध्याकाळ फवारा, मधे पानं सुकू द्या. खायला द्यायचा किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको, वर कॅल्शियमची चिमूट.

मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की बल्ब बंद. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. दिवसभर ओल राहिली तर श्वसनाचा संसर्ग होतो. तोंड उघडं ठेवून फिकट पडलेलं पिल्लू तापलंय, लगेच गार खोलीत न्या.