पायोनियर दफनभूमी: आधी दगड, मग कागद, शेवटी भूत

अमेरिकेत गावाबाहेर, शेताच्या कडेला पहिल्या वसाहतकारांची पन्नास-साठ थडग्यांची दफनभूमी असते आणि तिच्या नावावर एखादं भूतही जमा असतं. खरं काय हे शोधायचं तर क्रम पाळा: आधी दगड, मग कागद, शेवटी भूत. भुतापासून सुरुवात केली की दगडावरही तेच दिसायला लागतं.

जागेचा मालक कोण ते काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कार्यालयातून कळतं. बऱ्याच जागा खासगी आहेत आणि सूर्यास्तानंतर आत जाणं अनेक ठिकाणी बेकायदा असतं. तसंही रात्री काही वाचता येत नाही. सकाळचं तिरपं ऊन उत्तम. दगड सावलीत असेल तर दुसऱ्या माणसाने लांबट आरसा धरून ऊन बाजूने, दगडाला जवळजवळ घासून जाईल असं पाडायचं. झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली येते आणि कोरा वाटणारा दगड वाचता येतो. शेव्हिंग क्रीम, खडू किंवा पीठ फासायचा सल्ला अजूनही फिरतो. तो ऐकू नका, त्याचा अंश छिद्रांत बसतो आणि दगड खातो.

धुण्याआधी परवानगी घ्या आणि संगमरवरावरून बोट फिरवा. रवाळ साखरेसारखे कण हाताला लागले किंवा टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला तर हात लावू नका. दगड टणक असेल तर भरपूर साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश पुरे. खालून वर घासत जा, कारण वरून सुरुवात केली की मळकट पाणी कोरड्या भागावर ओघळून डाग पाडतं. ब्लीचमुळे क्षार आत राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटतात. तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर तर नकोच. कललेल्या दगडाला टेकूही नका: १ मीटर उंच, अर्धा मीटर रुंद, ५ सेंटिमीटर जाड संगमरवरी फरशी साधारण ६७ किलोंची असते.

दगडाचा प्रकार हाही पुरावाच. १८५० च्या आसपासच्या थडग्यांवर संगमरवर किंवा वालुकाश्म सर्रास दिसतो. गुळगुळीत पॉलिशच्या ग्रॅनाइटवर १८५१ साल कोरलेलं असेल तर तो दगड बहुधा नातवंडांनी नंतर बसवलेला, म्हणजे तारीख आठवणीतून आलेली. निळसर करडा, ठोकल्यावर पोकळ वाजणारा आणि आश्चर्य वाटावं इतका ठसठशीत राहिलेला स्तंभ हा दगड नसून जस्त असतं. त्याला ‘व्हाइट ब्राँझ’ म्हणत आणि १८७० च्या दशकापासून १९१४ पर्यंत त्याचं उत्पादन झालं.

जन्मतारखेऐवजी बऱ्याचदा वय दिलेलं असतं. समजा, मृत्यू ३ मार्च १८५२, वय ३४ वर्षं, ५ महिने, १२ दिवस. आधी वर्षं वजा करा: ३ मार्च १८१८. मग महिने: ३ ऑक्टोबर १८१७. मग दिवस: २१ सप्टेंबर १८१७. एक-दोन दिवसांची चूक धरून चाला. झिजलेल्या दगडावर १ आणि ४, ३ आणि ८ हमखास फसवतात. ‘कॉन्सॉर्ट’ म्हणजे नवऱ्याआधी गेलेली बायको, ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. नवरा-बायकोच्या दगडावर बायकोचं मृत्युवर्ष कोरं दिसलं की ‘ती अजून मेलेलीच नाही’ अशी कथा जन्मते. बहुतेकदा तिने दुसरं लग्न केलेलं असतं किंवा ती दुसरीकडे पुरलेली असते.

आता कागद. १८५० ते १८८० च्या जनगणनांबरोबर मृत्यूंच्या याद्या आहेत, पण त्यांत जनगणनेच्या वर्षी ३१ मेला संपणाऱ्या बारा महिन्यांचेच मृत्यू येतात. वरचा १८५२ चा मृत्यू तिथे मिळणारच नाही, त्यावरून गूढ काढू नका. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीमुळे बहुतांश गेली. एकाच घरातली तीन-चार मुलं काही आठवड्यांत गेलेली दिसली तर शापाआधी घटसर्प आठवा. १८४९ नंतरच्या काही वर्षांत, पश्चिमेकडच्या वाटांवर, पटकीही.

भुताच्या गोष्टीलाही जन्मतारीख असते, ती शोधा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मोफत वृत्तपत्र संग्रहात दफनभूमीचं नाव टाका आणि गोष्टीचा सर्वांत जुना छापील उल्लेख नोंदवा. कॅन्सस राज्यातल्या स्टल गावची दफनभूमी हे याचं नमुनेदार उदाहरण. तिथे सैतान येतो ही कथा गाजली ती नोव्हेंबर १९७४ मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रात छापून आल्यावर. गावकऱ्यांनी ती ऐकलीच नव्हती. नाव ‘स्कल’वरून, म्हणजे कवटीवरून आलं असं सांगतात, प्रत्यक्षात ते पहिल्या पोस्टमास्तरांचं आडनाव. जुनं दगडी चर्च २००२ मध्ये पाडलं गेलं, तरी हॅलोवीनला गर्दी येते आणि पोलीस पहारा ठेवतात.

राहिले फोटोतले तरंगते गोळे. लेन्सजवळची धूळ किंवा दवाचे थेंब फ्लॅशचा उजेड परत फेकतात. त्याच जागेवरून फ्लॅश बंद करून, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून पुन्हा फोटो काढा. चमकणारं थडगं दिसलं तर त्याच्या समोरून रस्ता जातो का बघा. पॉलिश केलेला ग्रॅनाइट गाड्यांचे दिवे लांबवर परतवतो.